आळण लावलेलं सूप

‘नागपूरला थंडी असते?’

पुण्याहून फोन करणाऱ्या संपादकांनी हे अगदी निरागसपणे विचारलं. पुढच्या अंकाचा विषय ‘ऊब’ आणि माझ्या वाट्याला आलेला विषय घरी केलेलं दाट, मलईदार, भाज्यांचं सूप. मी म्हटलं, नागपूरवर लिहायचं तर सावजीवर लिहिते. ‘सावजीवर सगळेच लिहितात,’ असं म्हणून त्यांनी तो मार्ग बंद केला आणि वर हा प्रश्न.

नागपूर म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला मे महिनाच आठवतो. सत्तेचाळीस अंश, कूलरच्या ताट्या, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा. म्हणून मी त्यांना २९ डिसेंबर २०१८ ची पहाट सांगितली. त्या दिवशी इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्याआधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ चा, ३.९ अंशांचा. जवळजवळ ब्याऐंशी वर्षं टिकलेला विक्रम त्या पहाटे मोडला आणि आम्ही सगळे रजईतून नाक बाहेर काढून मोबाइलवर ती बातमी एकमेकांना पाठवत होतो.

अशी पहाट रोज उजाडत नाही. एरवी डिसेंबरात रात्री दहा-बारा अंश असतात आणि दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस. पण हा फरकच अंगाला झोंबतो. समुद्र शेकडो मैल दूर, आभाळ निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब सरळ वर सोडून देते. आणि आमची घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी. उंच छत, गार फरशी, मोठ्या खिडक्या. कूलर बसवायला खिडकीत जी चौकट मोकळी केलेली असते, तिथून डिसेंबरात वारा आत येतो. मग तिथं पुठ्ठा ठोकायचा. दुपारी ज्या अंगणात पाठीला ऊन देऊन संत्री सोलली, त्याच अंगणात सहानंतर शालीशिवाय उभं राहवत नाही. जेवायला नऊ वाजतात. सात ते नऊ या दोन तासांत चहा पुरत नाही आणि जेवण नकोसं असतं. नागपुरी घरात सूप शिरलं आहे ते याच फटीतून.

कॉटन मार्केट

पाटीवर नाव महात्मा फुले भाजी बाजार. पण रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो क्षणभर विचार करतो. कापूस तिथून कधीच गेला, तरी नाव कॉटन मार्केटच राहिलं. पहाटे सहाला गेले तेव्हा ट्रक रिकामे होत होते आणि पोती टाकायच्या आवाजात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. हिरवा वाटाणा जबलपूरकडचा, फुलकोबी छिंदवाड्याकडची, पालक-मेथी कळमेश्वर-सावनेरच्या मळ्यांतून आलेली, आणि तुरीच्या ओल्या शेंगा चहूकडून. थंडी पडली की या सगळ्यांचे भाव एकदम उतरतात, आणि घरात सूप होतं त्यामागचं अर्धं कारण तेच आहे. महागाच्या वाटाण्याचं कुणी वाटण करत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं भाषांतर करावं लागेल. इथं बटाटा म्हणजे आलू, टोमॅटो म्हणजे टमाटर, कोबी म्हणजे पत्ताकोबी, दुधी म्हणजे लवकी, लाल भोपळा म्हणजे कोहळं. आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. बदली होऊन आलेले एक बँक अधिकारी पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्यानं ‘सांबार देऊ का जी?’ विचारल्यावर ‘डबा आणलेला नाही’ म्हणाले होते, असं आमच्या गल्लीत सांगतात. खरंखोटं गल्लीच जाणे.

टमाटरच्या ढिगापाशी मी घट्ट, चकचकीत फळं वेचत होते. विकणारी बाई थोडा वेळ बघत राहिली.

‘कायले पायजे बाई? भाजीले का सूपाले?’

‘सूपाला.’

‘मंग हे नरम घ्या ना. दिसाले बेकार हाय, पण लाल पाहा किती. ते कडक टमाटर पाणी सोडते नुसतं.’

तिचं बरोबर होतं. टिकावं म्हणून अर्धवट पिकलेलं काढलेलं टमाटर दिसायला देखणं असतं, पण त्यात रंग कमी आणि आंबटपणा टोचणारा. नरम पडलेल्यात गर जास्त. फुलकोबीवाल्यानं तर तुरे विकून बाजूला टाकलेले जाड दांडे मला तसेच पिशवीत घालून दिले. दांडे सोलून शिजवले तर तुऱ्यांपेक्षा गुळगुळीत वाटले जातात आणि कोबीचा उग्र वासही त्यांना कमी असतो.

कोहळ्याची फाक घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. गर गडद केशरी आणि कोरडा हवा. ओलसर, फिका, बियांभोवती खूप धागे असलेला तुकडा भाजीत खपून जाईल. सूप मात्र पाणचट होईल आणि मग दाट करायला नको नको ते त्यात पडेल. मलईदार सूपचा सगळा प्रश्न या ‘नको नको ते’ शब्दांत आहे.

लॉनवरचं लाल सूप

माझ्या पिढीच्या नागपूरकराला दाट सूप पहिल्यांदा भेटलं ते घरात नाही. काहींना ते राजधानी एक्स्प्रेसमध्ये भेटलं: कागदी कपात लाल सूप, सोबत कुरकुरीत ब्रेडस्टिक, लोण्याची छोटी वडी. बाकीच्यांना लग्नात. वर्धा रोडवर, कोराडी रोडवर लग्नाची लॉन ओळीनं उभी आहेत. डिसेंबरच्या रात्री उघड्या हिरवळीवर रेशमी साडीत कुडकुडत शिरलं की पहिला थांबा सूपच्या टेबलाचा. स्वेटर घालून साडी झाकायची नसते, तेव्हा दोन्ही हातांत धरलेला तो कप हाच स्वेटर.

गेल्या डिसेंबरात अशाच एका लॉनच्या मागच्या बाजूला, मांडवाच्या कापडापलीकडे, आचाऱ्यांच्या भट्ट्यांजवळ तासभर उभी राहिले. पन्नासेक लिटरच्या पातेल्यात टमाटर, कांदा, गाजर आणि बीटचे दोन-चार तुकडे शिजत होते. ते गाळून परत चढवलं. मग एका बादलीत गार पाण्यात कॉर्नफ्लॉवर कालवलं आणि धार धरली. पाच मिनिटांत पातळ लाल पाण्याला अंग आलं, तकाकी आली. साखर पडली, आणि ती चिमटीनं पडली नाही. मीठ, मिरपूड, लोणी.

‘क्रीम कधी टाकता?’ मी विचारलं.

मुख्य आचाऱ्यानं माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. ‘ते वरून. कपात, थेंब थेंब. फोटोपुरतं.’

ज्याला आपण ‘क्रीमी’ म्हणून पीत आलो, त्यात क्रीम नक्षीपुरतं असतं. दाटपणा मक्याच्या पिठाचा. पिष्टाचे कण पाण्यात साठ-सत्तर अंशांच्या पुढे तापले की फुगतात, पाणी धरून बसतात आणि सगळं मिश्रण दाट होतं. पण हे अंग उसनं असतं. टमाटरचा आंबटपणा, तासन्‌तासांची आच आणि सारखं ढवळणं यांनी ते फुगलेले कण फुटतात आणि सूप पुन्हा पातळ होतं. म्हणून आचारी एक बादली कालवून बाजूला ठेवतो आणि दहाच्या गर्दीआधी पुन्हा धार धरतो. उलट कपात गार झालेलं तेच सूप खिरीसारखं थिजतं. लग्नात कोपऱ्यातल्या टेबलावर विसरलेले कप बघा, वर साय धरल्यासारखा थर असतो. ती साय दुधाची नाही.

पाकिटातल्या सूपचंही हेच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे, त्यामुळे मागची बारीक अक्षरं वाचायला फार हुशारी लागत नाही. पीठ किंवा पिष्ट, साखर आणि मीठ कितव्या नंबरावर आहेत आणि भाजी कितव्या, एवढंच पाहायचं. पाकिटाला माझा तात्त्विक विरोध नाही; परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला मुलं तेच करून पितात आणि मला उठवत नाहीत, याबद्दल मी कृतज्ञच आहे. पण ते भाज्यांचं सूप नव्हे.

फाटलं

माझी स्वतःची सुरुवात अपशकुनानंच झाली. काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाची धामधूम चालू असताना, मुंबईहून आलेले चार पाहुणे आमच्याकडे जेवायला होते. लग्नातल्यासारखं पिठाचं सूप करायचं नाही, खरं करायचं, असा माझा बाणा. टमाटर शिजवले, वाटले, गाळले. उकळी फुटली तेव्हा अर्धा लिटर थंड दूध त्यात ओतलं आणि वळून कप पुसायला घेतले. परत पाहिलं तर लाल पाण्यात पांढऱ्या कण्या तरंगत होत्या. पाहुण्यांना मी ते ‘पनीर घातलेलं टोमॅटो सार’ म्हणून वाढलं. त्यांनी ते शांतपणे प्यायलं. माणसं सभ्य होती.

झालं होतं ते असं. दुधातलं मुख्य प्रथिन, केसीन, बारीक गोळ्यांच्या रूपात दुधात तरंगत असतं आणि हे गोळे एकमेकांना दूर ढकलत असतात. आंबट पडलं की ती ढकलाढकल कमी होते, सामू ४.६ च्या आसपास आला की गोळे एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटतं. टमाटरचा सामू तेवढ्यातच असतो, पुष्कळदा त्याहून खालीच. त्यात उकळी. मी सूप करत नव्हते, पनीर करत होते.

यावर उपाय आहेत आणि ते सगळे क्रमाचे आहेत. दूध गार ओतायचं नाही. टमाटरमध्ये दूध घालण्यापेक्षा कोमट दुधात टमाटर थोडं थोडं घालायचं. घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही. दुधाऐवजी साय किंवा क्रीम वापरलं तर फाटण्याची भीती कमी, कारण त्यात स्निग्धांश जास्त आणि प्रथिन कमी. काही जणी चिमूटभर सोडा घालतात; त्यानं आंबटपणा मरतो खरा, पण हात जरा सैल पडला की साबणाची चव येते, आणि आंबटपणाच नको तर टमाटर कशाला? सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे आधी दुधाला किंवा सूपला थोडं पीठ लावून घेणं. पिठाचे फुगलेले कण केसीनच्या गोळ्यांमध्ये येऊन बसतात आणि त्यांना एकत्र जमू देत नाहीत.

हा शेवटचा उपाय मी मोठ्या अभ्यासानं शोधला होता. तो आमच्या घरात शंभर वर्षांपासून दर आठवड्याला होतो आहे, हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आत्याचा गंज

आत्या महाल या जुन्या वस्तीत राहते. जुनं घर, मागं विहीर, स्वयंपाकघरात गॅस आहे पण चुलीची जागाही राखलेली. इकडे पातेल्याला गंज म्हणतात, आणि तिच्याकडचा जर्मनचा गंज माझ्या जन्माआधीचा आहे. मी तिला सांगितलं, भाज्या शिजवायच्या, वाटायच्या, दाट करायच्या आणि गरम गरम प्यायच्या, अशा पदार्थावर लेख लिहितेय.

‘म्हणजे आळण लावलेलं पाणीच ना?’ ती म्हणाली.

आळण हा शब्द अलीकडे स्वयंपाकघरातून मागं पडतो आहे. आळणे म्हणजे दाट होत जाणे. पातळ पालेभाजीला किंवा रश्शाला अंग यावं म्हणून पाण्यात कालवलेलं बेसन किंवा ज्वारीचं पीठ लावतात, ते आळण. पालक, चुका, मेथी, कशालाही. विदर्भातल्या घरी थंडीत पातळ भाजीच्या गंजात आळण पडलं नाही असा आठवडा जात नाही. फ्रेंच आचारी लोण्यात मैदा परतून त्यात दूध घालतो आणि त्याला बेशामेल म्हणतो, काम तेच. फक्त मैद्याला स्वतःची चव नसते आणि बेसनाला असते.

आत्यानं चुक्याच्या भाजीला आळण लावून दाखवलं. तिचे हात बघण्यासारखे. लिटरभर पातळ भाजीला सपाट मोठा चमचाभर बेसन. ते आधी वाटीत गार पाण्यात कालवायचं. ‘गरम पाणी घेशीन तर गुठळ्या होतीन,’ हे तिचं शास्त्र, आणि ते पक्कं आहे: गरम पाण्यात पिठाचा बाहेरचा थर क्षणात फुगून बंद होतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. मग एका हातानं धार, दुसऱ्या हातात घोटणी, आणि धार संपेपर्यंत हात थांबवायचा नाही. त्यानंतर सात-आठ मिनिटं मंद उकळी, बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत. घाई असेल तर पीठ आधीच लोखंडी तव्यावर कोरडं भाजून ठेवायचं. मग तीन-चार मिनिटं पुरतात.

त्याच दिवशी दुसऱ्या शेगडीवर कढी होती. तिच्याकडे बघताना माझा जुना अपमान उलगडला. कढी म्हणजे काय? आंबट ताक, म्हणजे टमाटरइतकंच आंबट, आणि ते उकळायचं. नुसतं ताक उकळलं की फाटतं, हे आपल्याकडे पोरीबाळींनाही माहीत असतं. म्हणून आधी बेसन लावतात. कढी-गोळे करणाऱ्या या शहरात, दूध आणि टमाटर एकत्र कसं नांदवायचं हे मी दुसरीकडे शोधत बसले होते.

मग आम्ही दोघींनी मिळून सूप केलं. अर्धा किलो कोहळं सोलून फोडी केल्या. एक कांदा आणि चार-पाच लसूण पाकळ्या चमचाभर तुपावर परतल्या, पण लाल होऊ दिल्या नाहीत. कोहळं घालून झाकण ठेवून पाच मिनिटं त्याच्याच वाफेवर ठेवलं. आधीच पाणी ओतलं असतं तर गोडवा पाण्यात गेला असता आणि कोहळ्याला कोहळ्याची चव राहिली नसती. मग तीन कप पाणी, मीठ, चिमूटभर वायगावची हळद. मऊ झाल्यावर वाटलं, परत गंजात ओतलं आणि लहान चमचाभर भाजलेल्या बेसनाचं आळण लावलं. शेवटी गॅस बंद करून अर्धी वाटी दूध आणि ताजी मिरपूड. आत्याला मिरपूड पुरेना. तिनं तुपात जिरं आणि लसणाची पात तडतडवून वरून ओतली. मी कागदावर ‘फोडणी ऐच्छिक’ असं लिहिलं होतं, ते तिनं वाचलं नाही हे बरं झालं.

दुसरं सूप सोल्यांचं. सोले म्हणजे तुरीचे ओले हिरवे दाणे. सोलेभात आणि सोले-वांगी हे आमच्या थंडीचे मानकरी. वाटाण्याचं सूप सगळीकडे होतं. सोल्यांना मात्र गोडीच्या मागं किंचित तुरट, मातकट अशी चव असते, आणि डाळीचाच दाणा असल्यामुळे आळणसुद्धा लागत नाही. एक वाटी सोले उघड्या गंजात शिजवायचे. झाकण ठेवलं की भाजीतलं आम्ल वाफेबरोबर निघून न जाता परत आत पडतं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. दाणा दबला की लगेच उतरवायचा. वाटताना सांबाराच्या काड्या घालायच्या, पानं नाही; काड्यांना वास जास्त आणि त्या फुकट जातात एरवी.

सूप की सूप

मराठीत सूप हा शब्द आधीच एका जागी बसलेला होता. धान्य पाखडायचं सूप. जात्यातले रडतात आणि हसतात ते त्याच सुपातले. म्हणून आपण पिण्याच्या सूपचं रूप चालवायला बिचकतो. ‘सुपात मीठ घाल’ म्हटलं तर आजी गोंधळेल.

गंमत अशी, की संस्कृतात सूप म्हणजे डाळीचं शिजवलेलं कालवण आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं पाककृतींचं मराठी पुस्तक छापलं गेलं, त्याचं नाव ‘सूपशास्त्र’. त्यातल्या सूपचा लॉनवरच्या कपाशी काही संबंध नाही. इंग्रजी सूपही संस्कृतातून गेलेलं नाही, कितीही मोह झाला तरी. ते फ्रेंचमधून आलं आणि मुळात त्याचा अर्थ होता रश्शात भिजवलेला पावाचा तुकडा. आधी पाव, मग रस्सा. आज वर तरंगणारे तळलेले पावाचे चौकोन हे खरं तर मूळ मालक आहेत. त्यांच्या घरात आता पाहुणा राहतो.

आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथांनी दाटपणाचा फारच बारकाईनं विचार केलेला दिसतो. तांदळाच्या पेजेची नावंच दाटपणावरून पडलेली: मंड, पेया, यवागू, विलेपी. डाळीचं पाणी म्हणजे यूष. त्यात स्निग्ध पदार्थ, मीठ, तिखट घातलं तर कृत, नाही घातलं तर अकृत. माझ्या अनुभवाप्रमाणे दवाखान्यात मिळतं ते अकृत आणि घरी आल्यावर मागतात ते कृत.

जीभ, मिक्सर, पुरणयंत्र

सूपला पीठ लागतंच असंही नाही. भाजी पुरेशी बारीक झाली तर ती स्वतःच दाट होते. चॉकलेट करणारे सांगतात की तीसेक मायक्रॉनहून बारीक कण जिभेला वेगळा कळत नाही, ते सगळं मऊ लागतं. चांगला मिक्सर दोन-तीन मिनिटं चालवला तर गाजर, कोहळं, फुलकोबी यांचं वाटण पुरेसं गुळगुळीत होतं, आणि नाही झालं तर गाळणी आहे. पालकाचे धागे आणि टमाटरची साल यांच्यावर मिक्सरचा फारसा इलाज चालत नाही, तिथं गाळणीच.

एक अपघात मात्र प्रत्येक घरात एकदा तरी होतो. उकळतं सूप मिक्सरच्या भांड्यात काठोकाठ भरून झाकण लावलं, बटण दाबलं, की आतल्या वाफेनं झाकण उडतं. आमच्या छताला अजून एक केशरी डाग आहे. कोमट होऊ द्यावं, भांडं अर्धंच भरावं. आलू घातला असेल तर मिक्सर फार फिरवू नये. पिष्टानं भरलेल्या पेशी फुटून सूप डिंकासारखं ताणतं. दाटपणासाठी आलूपेक्षा मला मूठभर तांदूळ बरे वाटतात. भाजीबरोबरच शिजवायचे, वाटताना कुठं गेले कळतसुद्धा नाही.

वीज गेलेल्या एका संध्याकाळी मी गाजर आणि कोबीचे दांडे पुरणयंत्रातून काढले. होळीशिवाय ते यंत्र फळीवरून खाली येत नाही. काय सुंदर काम केलं त्यानं! मिक्सर हवा घुसवून सूपला फेस आणतो, रंग फिका पाडतो. पुरणयंत्रातून उतरलेला गर घट्ट, गडद आणि किंचित रवाळ. रवाळपणा वाईट नाही. हॉटेलातलं सूप आरशासारखं गुळगुळीत असतं, घरातल्याला थोडं अंग असलेलं चालतं.

उरला स्निग्धांश. तो थोडा हवाच. गाजर-कोहळ्यातलं केशरी द्रव्य तुपा-तेलाशिवाय अंगी नीट लागत नाही. पण इथं नागपुरी जीभ आडवी येते. आम्हाला तर्री डोळ्यांनी दिसावी लागते. पोह्यांवर, रश्शावर लाल तेल तरंगलं की समाधान. मलईदार सूपमध्ये याच्या उलट व्हावं लागतं: लोणी किंवा साय इतक्या बारीक थेंबांत वाटली जायला हवी की वर काहीच दिसू नये आणि जिभेवर मात्र ती जाणवावी. म्हणून सायीचा चमचा वाटतानाच घालावा, नंतर नाही. माझे यजमान अजूनही कप हातात घेऊन विचारतात, ‘यात काही टाकलंच नाही का?’

रात्री आठ

जानेवारीच्या एका रात्री आत्याला आमच्याकडे आणलं होतं. बाहेर वारा होता, पुठ्ठा मारलेली खिडकी खडखडत होती. कोहळ्याचंच सूप केलं होतं, तिच्याच पद्धतीनं, आणि खास तिच्यासाठी नवे, कानाचे, पांढरे कप काढले होते. मुलं सोफ्यावर पाय वर घेऊन फुंकर मारत पीत होती. यजमानांनी आपल्या कपात गुपचूप तिखट तेल सोडलेलं मी पाहिलं.

आत्यानं एक घोट घेतला. मग कप खाली ठेवला आणि खोलगट वाटी मागितली. सगळं सूप तिनं वाटीत ओतलं, डब्यातली दुपारची ज्वारीची भाकर घेतली, चुरली आणि बोटांनी नीट कालवली.

‘ठेचा हाय ना गं घरात?’ तिनं विचारलं.